पाठमोरा

दुपारचा खेळ सुटला आणि थिएटरचे दोन्ही दरवाजे एकदम उघडले. अंधारातून उन्हात आलेली माणसं डोळे किलकिले करत पायऱ्यांवर थबकली. कुणी रुमालानं डोळे टिपत होतं, कुणी हसून हसून दुखणारं पोट धरून होतं, आणि एक काकू आपली मुलं पुन्हा पुन्हा मोजत बेजार झाल्या होत्या. या लोंढ्याच्या अगदी तोंडाशी, हातात कागद आणि पेन्सिल घेऊन ती उभी होती. माणूस निसटायच्या आत त्याला पकडायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, एवढंच तिचं काम.

"कसा वाटला सिनेमा?"

"एका तिकिटात दोन हिरो! आणखी काय पाहिजे?" एक जाडजूड गृहस्थ चालता चालता म्हणाले.

"घरात एकच आहे, तोच आवरत नाही," मागून येणारी त्यांची बायको म्हणाली. "पण असते ना दोन, तर एकाला बाजारात पिटाळलं असतं आणि दुसऱ्याला घेऊन सिनेमाला आले असते."

हसत हसत तिनं ते टिपून घेतलं, आणि मान वर न करताच हात लांब करून पुढची बाही पकडली.

"तुमचं मत?"

"कशाबद्दल?"

"सिनेमाबद्दल. आत्ता पाहिलात तो."

"आत्ता नाही पाहिला."

"मग आतून बाहेर कसे आलात?"

"मी बाहेरच होतो. तुम्हीच मला गर्दीत ओढलंत."

आता तिनं मान वर केली. एक उंच, सावळा तरुण पोस्टरच्या काचेच्या पेटीला टेकून उभा होता, म्हणजे इतका वेळ टेकलेला असावा, कारण आता तो अर्धा तिच्याकडे ओढला गेला होता. त्याची बाही अजून तिच्या मुठीत होती...

"सोडली तरी चालेल," तो म्हणाला. "मी पळत नाही."

तिनं बाही अशी सोडली की जणू चटका बसला. कानाच्या पाळ्या तापल्या. दारातला म्हातारा डोअरकीपर हे सगळं बघत होता. "मतवाली बाई," तो खो खो हसत म्हणाला, "मतं गोळा करा, माणसं नका गोळा करू!"

त्या काळी एका साप्ताहिकात 'खेळ सुटल्यावर' नावाचं सदर येत असे. ते भरायचं काम तिच्याकडे होतं, तेही अजून कच्चंच. संपादकांनी स्पष्ट सांगितलं होतं, "चार आठवडे बघू, मग कायम करायचं की नाही ते ठरवू. आणि हे बघ, कौतुक नको आणूस. असल्या सिनेमाचं काय कौतुक? लोक शिव्या घालतात, त्या आण. वाचायला मजा येते."

सिनेमाही तसाच होता म्हणा. नाव आज सांगितलं तरी कुणाला आठवायचं नाही; तशी नावं तेव्हा पैशाला पासरी असत. एक भित्रा गणिताचा मास्तर आणि एक बिनधास्त चोर, दोघं दिसायला हुबेहूब सारखे. लहानपणी ताटातूट झालेली. गुंडांनी चोर समजून मास्तराला झोडपायचं, पोलिसांनी मास्तर समजून चोराला सलाम ठोकायचा, दोन नायिकांनी नको त्याच्या गळ्यात पडायचं, आणि शेवटी फुग्यांच्या कारखान्यात ही थोरली मारामारी. हे सगळं लोकांना तिकीट काढायच्या आधीपासून ठाऊक असायचं. आणि तरी खिडकीवर रांग हटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या खेळाला तो पुन्हा त्याच काचेच्या पेटीपाशी उभा. त्याच्या पुढच्या दिवशीही. आत जात नाही, तिकीट काढत नाही, कुणाची वाट बघतोय म्हणावं तर कुणी येतही नाही. खेळ सुटला की मात्र कान टवकारून उभा राहायचा.

शेवटी तिला राहवलं नाही. "तुम्ही काळाबाजारवाले आहात का हो?"

"तिकिटं विकताना बघितलंत?"

"नाही."

"मग?"

"मग रोज इथे काय करता?"

"तुम्ही करता तेच. लोक काय म्हणतात ते ऐकतो."

"मला त्याचा पगार मिळतो."

"मला नाही मिळत," तो म्हणाला. मग थोडा थांबून, जरा खाली बघत, "...पण हल्ली लोकांचं बोलणं निम्मं निसटतं. मध्ये कुणीतरी 'तुमचं मत, तुमचं मत' करत फिरत असतं, तिकडेच लक्ष जातं."

तिनं पेन्सिल कानामागे खोचली आणि तोंड फिरवलं. हसू दिसू नये म्हणून. पण त्याला ते दिसलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तो चांगला इस्त्री केलेला सदरा घालून आला.

मग एकदा दुपारपासून पावसानं जी धार धरली ती सोडेचना. खेळ सुटला, पण बाहेर पडायची सोय नाही. सगळा प्रेक्षकवर्ग थिएटरच्या पडवीत कोंडला गेला. ओल्या चपला, मक्याच्या लाह्यांचा वास, आणि घराघराच्या गप्पा. तिला त्या दिवशी मतं मागावी लागलीच नाहीत. लोकच तिच्याभोवती जमले.

"फुग्यांच्या कारखान्यात मारामारी! एक फुगा फुटला नाही हो शेवटपर्यंत," कॉलेजातला एक चुणचुणीत मुलगा म्हणाला. "पण शिट्टी मारून मारून माझा घसा फुटला."

"तो व्हिलन दात विचकून हसतो ना, त्याचे दात खोटे आहेत," एक दंतवैद्य गंभीरपणे म्हणाले. "पण बसवलेत सुरेख. माझ्याकडून नमस्कार कळवा."

एक निवृत्त हेडमास्तर छत्रीवर दोन्ही हात टेकून उभे होते. ती पेन्सिल सरसावून म्हणाली, "सर, तुम्हाला नाही ना आवडला? गोष्ट तीच ती, जुनीच..."

"तीच आहे म्हणून तर आलो," ते म्हणाले. "बाहेर कुठली गोष्ट मनासारखी संपते, बाळ? इथे दोन भाऊ भेटणार हे मला आधीच माहीत असतं. म्हणून मी निर्धास्त रडून घेतो."

तिची पेन्सिल थांबली. शिव्या मागायला आलेली ती, आणि हे असं काही हाती लागत होतं. संपादकांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, पण तिनं ते शब्द जसेच्या तसे उतरवले.

"आणि तो दवाखान्याचा प्रसंग," हेडमास्तरांमागून एक बाई म्हणाल्या. "माझ्या तर घशाशी आवंढा आला."

तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्याकडे गेलं. पेटीला टेकलेला तो एकदम सरळ झाला होता. श्वाससुद्धा थांबल्यासारखा.

"कुठला प्रसंग, काकू?" त्यानं विचारलं. आवाज अगदी हलका.

"अरे तो, आई खाटेवर असते तो. काय काम केलंय हिरोनं!" बाई म्हणाल्या, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूच विझलं.

पाऊस ओसरला, पडवी रिकामी झाली. ती त्याच्याजवळ गेली. "त्या दवाखान्याच्या प्रसंगात काय आहे एवढं?"

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला?" ती गडबडली. "म्हणजे... तसा बराच..."

त्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं. आणि मग इतका मोठ्यानं हसला की डोअरकीपर स्टुलावरून उठून आला. "तुम्ही सिनेमा पाहिलाच नाहीत!"

"वेळ कुठे मिळतो? खेळ सुरू असतो तेव्हा मी मागच्या खेळाची मतं उतरवत बसते. मी कायम बाहेर!"

"अख्ख्या गावाचं मत विचारतात आणि स्वतःचं मत नाही! काका, ऐकलंत का?"

डोअरकीपरनं कपाळाला हात लावला. "जा, आत जा दोघं," तो म्हणाला. "मागची रांग मोकळी आहे. आणि मतवाली बाई, सिनेमाच बघा हं."

ती आत बसली ती जरा घुश्श्यातच. हे असले सिनेमे आपल्यासाठी नाहीत, असं तिला वाटायचं. पण मास्तरानं पाढे म्हणत म्हणत गुंडाला चुकून लोळवलं आणि ती खुदकन हसली. चोरानं फौजदाराला गणित शिकवलं तेव्हा तिनं पुढच्या खुर्चीची पाठ बडवली. इंटरव्हलच्या जरा आधी शेजारच्या अंधारातून आवाज आला, "कसा वाटतोय?"

"गप्प बसा हो, आता पोलीस येणार आहेत!"

मग तो प्रसंग आला. दवाखान्याची खोली. खाटेवर म्हातारी आई, डोळ्यांवर पट्टी. मास्तर तिच्यावर ओणवा झालेला, त्याचा चेहरा प्रेक्षकांकडे. आई त्याचा हात चाचपडत म्हणते, "तू एवढाच उरलास रे माझा..." आणि अलीकडे, दारात, चोर येऊन उभा राहिलेला. पाठमोरा. आईला तो दिसत नाही, मास्तराचंही लक्ष नाही. एक शब्द बोलला तर त्याला आई मिळणार आहे.

त्याचे खांदे वर झाले. आता बोलणार... सगळं थिएटर थांबलं. आणि मग तो डावा खांदा हळूहळू, अगदी हळूहळू खाली आला. झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून कुणी हातातलं ओझं अलगद जमिनीवर ठेवावं, तसा. त्याचा हात दाराच्या चौकटीवर टेकला, आणि तो काहीच बोलला नाही.

तिचे डोळे भरून आले. पडद्यावर नायकाचा रडणारा चेहरा भला मोठा दिसत होता, पण तिला तो बघवेना. ती त्या पाठीकडेच बघत राहिली. आणि मग तिला उमगलं. एकाच चौकटीत दोन सारखी माणसं दाखवायची, तर एकाचंच तोंड दिसतं. दुसऱ्याची पाठ. नायक जर तिकडे खाटेपाशी आहे, तर मग ही पाठ...

"हा कोण आहे?" ती कुजबुजली. "हा दारातला... हा नायक नाही. मग कोण?"

तिनं वळून पाहिलं. तो पडद्याकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि पडद्याच्या हलत्या उजेडात त्याचे डोळे पाण्यानं चमकत होते.

"अगं बाई..." ती एवढंच म्हणाली.

थिएटरबाहेर रस्ते धुतल्यासारखे ओले होते. ती दोघं बाजूबाजूनं चालली, मध्ये एक हात अंतर ठेवून. मग हळूहळू तो बोलू लागला. एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत तो लिफ्टमन होता. दिवसभर जाळीच्या दाराकडे तोंड, माणसांकडे पाठ. चौथ्या मजल्यावर सिनेमावाल्यांची कचेरी. त्यांच्यातल्या एकानं रोज वरखाली करताना त्याची पाठ हेरली होती. उंची, खांदे, मान, सगळं त्या नायकासारखं.

"मी आनंदानं आईला सांगून टाकलं, मला सिनेमात काम मिळालंय म्हणून. आईनं गल्लीभर केलं. नंतर सिनेमावाल्यांनी शब्द घेतला, कुणाला बोलायचं नाही. लोकांना वाटलं पाहिजे की दोन्ही तोच. मी शब्द दिला."

"आणि गल्ली?"

"अख्खी गल्ली सिनेमाला आली." तो कसनुसा हसला. "पहिल्यापासून शेवटपर्यंत मला शोधत बसले. हॉटेलातल्या वेटरमध्ये, गुंडांमध्ये, बँडवाल्यांमध्ये. आता मी दिसलो की म्हणतात, 'काय हिरो, कुठल्या खुर्चीखाली लपला होतास?' आई काही बोलत नाही. पण शेजारणींकडे जायची बंद झालीये."

"सांगून टाका ना मग! मी लिहिते. सदरात पहिल्याच ओळीत—"

"नको." तो थांबला. "प्रश्न नुसत्या दिलेल्या शब्दाचा नाही. त्या काकू होत्या ना पावसात, घशाशी आवंढा आला म्हणाल्या... त्यांना कळलं, की आपण ज्याच्यासाठी रडलो तो कुणी लिफ्टवाला होता, तर त्यांना फसल्यासारखं वाटेल. त्यांचं ते रडणं खोटं पडेल. ते नाही मला करायचं."

तिनं कानामागची पेन्सिल काढून कागदाच्या घडीत खुपसली. मग म्हणाली, "ठीक आहे. मग माझ्याकडूनही कुणाला कळणार नाही. माझ्या आईलासुद्धा नाही."

हे तिनं सहज म्हटलं नव्हतं. ती बातमी तिच्या हातात होती. संपादक ऐकताच खुर्चीवरून उडाले असते, नोकरी जागच्या जागी कायम झाली असती. त्या आठवड्यात ती त्यांच्यापुढे सदर घेऊन गेली तेव्हा त्यात बातमी नव्हती, शिव्या नव्हत्या. हेडमास्तर होते, दंतवैद्य होते, दोन नवरे मागणाऱ्या काकू होत्या. आणि शेवटी बऱ्याच जणांची एकाच माणसाबद्दलची मतं, कारण आता ती प्रत्येकाला मुद्दाम विचारत होती, दारात उभा राहतो त्याच्याबद्दल काय वाटलं? 'त्याचं तोंड दिसलं नाही तेच बरं झालं, मला माझ्या भावाचं दिसलं.' 'तो बोलला नाही, म्हणून मी घरी जाऊन आईशी बोललो.' अशी मतं.

"शिव्या कुठायत?" संपादक म्हणाले.

"मिळाल्या नाहीत, सर."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि कुरकुरत छापायला पाठवलं. "पुढच्या खेपेला तरी आण," एवढंच म्हणाले. कायम करायचं नाव काढलं नाही.

ज्या दिवशी अंक निघाला, त्या संध्याकाळी तो पेटीपाशी उभा होता. अंक घडी करून खिशात, छातीशी. त्यानं ती घडी दोनदा बाहेर काढली, दोनदा परत ठेवली. शेवटी म्हणाला, "उद्या माझी सुट्टी आहे... चहा घ्याल?"

चहा झाला. मग फिरणं झालं, नदीकाठच्या बाकावर बसणं झालं. ती त्याच्या लिफ्टमधून उगाचच पाचव्या मजल्यापर्यंत जाऊन आली. वर जाताना दोघंच, आणि तो शिस्तीत जाळीकडे तोंड करून उभा. "कितवा मजला?" त्यानं विचारलं. "कुठलाही," ती म्हणाली. त्याची मान मागून लाल झालेली तिनं बघितली आणि तिचं काळीज असं काही हललं, की मजला कुठला आला ते तिला कळलंच नाही.

मग एके दिवशी ती त्याला घरी घेऊन गेली. आईला दाखवायला.

तिची आई दवाखान्यात नर्स होती. वडील गेल्यावर तिनं एकटीनं लेकीला वाढवलेलं, बोलायला फटकळ, आणि सिनेमाची महावेडी. तो सिनेमा तर तिनं दवाखान्यातल्या मैत्रिणींबरोबर कितीदा पाहिला होता त्याची गणती नव्हती. "पट्टी साफ चुकीची बांधलीये, मूर्खांनी," ती दर वेळी म्हणायची आणि दर वेळी रडून यायची. पण त्याच दवाखान्यातली एक आया त्याच्याच गल्लीत राहायची. गल्लीतली ती चेष्टा आईच्या कानावर आधीच गेली होती.

तो आला, वाकून नमस्कार केला, खुर्चीच्या काठावर बसला. आई थेट मुद्द्यावर आली.

"लिफ्टवर असतोस ना? मला त्याचं काही नाही. प्रामाणिक काम आहे. पण तू लोकांना सांगितलंस, सिनेमात काम केलंय म्हणून?"

"हो."

"ह्याच सिनेमात?"

"हो."

"मी तो तोंडपाठ पाहिलाय. तू त्यात कुठेही नाहीस. मग केलंस की नाही केलंस?"

त्यानं मान खाली घातली.

"आई, अगं—" ती पुढे झाली. त्यानं फक्त एकदा तिच्याकडे पाहिलं. ती ओठ चावून मागे सरली.

"सरळ विचारतेय बाळा," आईचा आवाज जरा मऊ झाला. "केलं असशील तर कुठे दिसतोस ते सांग. नसशील केलं तर नाही म्हण, मी हसून सोडून देईन. तरुणपणी माणूस एखादी थाप मारतो."

"खोटं नाही बोललो," तो म्हणाला. "पण... सांगता येत नाही."

"सांगता येत नाही!" आई उठली. "मला गरीब जावई चालेल, तापट चालेल. थापाड्या नाही चालणार. माझी पोर आयुष्यभर कोणत्या शब्दावर विसंबून राहणार? चहा पिऊन जा हो, तेवढं माणूसपण आहे आमच्यात." आणि ती चहा आणायला आत गेली.

तो उठला. चहासाठी थांबला नाही. तिच्या जवळून जाताना इतकंच पुटपुटला, "त्यांचं बरोबर आहे." ती दारात खिळून उभी राहिली. लांबच्या लांब गॅलरीतून तो चालत गेला, आणि जिन्याच्या तोंडाशी थांबला. पाठमोराच. काहीतरी बोलावंसं वाटलं असणार, कारण त्याचे खांदे वर झाले... आणि मग तो डावा खांदा हळूहळू खाली आला. हात जिन्याच्या कठड्यावर टेकला.

मागे कपबश्या खणखणल्या. आई हातात ट्रे घेऊन दारात आली होती आणि तिचे डोळे विस्फारले होते.

"ए!" ती ओरडली. "थांब! वळू नकोस! तसाच उभा राहा!"

तो दचकून तसाच उभा राहिला. आई ट्रे लेकीच्या हातात कोंबून गॅलरीत धावली, त्याच्या मागे दोन हातांवर थांबली, डोकं एकदा इकडे एकदा तिकडे कलतं करून बघू लागली.

"अगं बाई गं... हा तर चोर आहे! माझा चोर!"

शेजारचं दार धाडकन उघडलं. शेजारचे काका हातात काठी घेऊन बाहेर. "चोर? कुठाय चोर? सोडू नका त्याला!"

आईनं एकदा त्याच्या पाठीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. लेकीच्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, पण आयुष्यभर आजाऱ्यांची गुपितं पोटात घातलेली ती बाई क्षणात सावरली. "काही नाही हो, भाऊजी! मांजर. दूध प्यायलं. जा तुम्ही, पेपर वाचा." आणि त्याचा दंड धरून त्याला घरात ओढत नेलं, दाराला कडी घातली.

"तूच ना तो?"

त्यानं शब्द मोडला नाही. पण या वेळी त्याचा चेहराच इतका बोलत होता, की आईनं पदर डोळ्यांना लावला.

"मला इतके दिवस कोडं होतं रे," ती म्हणाली. "तो हिरो एवढा ढसाढसा रडतो तर माझ्या डोळ्यांत टिपूस नाही, आणि ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्यापायी माझे रुमाल भिजतात. मला वाटायचं, माझंच डोकं फिरलं."

"तुम्हाला... फसल्यासारखं नाही वाटत?" त्यानं घाबरत विचारलं.

"फसले? अरे, मी जगभर शोधत होते, हा कोण म्हणून! आता कळलं, खरंच कुणीतरी होता तिथे." मग ती लेकीकडे वळली. "आणि तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि माझ्या तोंडून याला थापाड्या म्हणवून घेतलंस?"

"मी शब्द दिला होता यांना. यांनी सिनेमावाल्यांना दिला होता, तसा."

"शाब्बास. याचा शब्द त्यांना, तुझा शब्द याला. आता माझाही घ्या, म्हणजे ती आया भेटली की माझीच जीभ चावून घ्यायला मी मोकळी!" ती रागानं बोलत होती, पण बोलता बोलता तिनं त्याच्यापुढे चहा सरकवला, आणि तो पिईपर्यंत समोरून हलली नाही. "तुझ्या आईला मात्र मी भेटणार. सांगणार काही नाही. पण पुढच्या खेळाला तिला माझ्या शेजारी बसवणार, आणि तो प्रसंग आला की तिचा हात दाबणार. तिचं लेकरू तिला ओळखू येत नसेल तर मी नर्सचं काम सोडीन."

तो कपात बघत हसला. पहिल्यांदा मोकळा हसला.

निघायची वेळ झाली तेव्हा आई लेकीला म्हणाली, "जा, खालपर्यंत सोडून ये. आणि नीट बघून घे त्याला. पाठीची हमी मी देते. तोंडाचं तुझं तू बघ."

जिन्यावर उजेड कमी होता. ती दोन पायऱ्या पुढे उतरली आणि वळून उभी राहिली, आईनं सांगितलं होतं तसं बघायला. अगदी सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत. बिचाऱ्याला एवढ्या जवळून, एवढा वेळ, समोरून कुणी कधी बघितलंच नसावं. कुठे बघावं त्याला कळेना.

"असं बघू नका ना..." तो म्हणाला.

"बघू नकोस म्हण."

"...बघू नकोस."

"बघणार," ती म्हणाली. आणि त्याचा हात हातात घेतला.